पालथी फाइल

दवाखान्यात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. नाव कोणी मायेने ठेवलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका कंपाउंडरने वैतागून म्हटलं होतं, "त्यांना काय विचारता? त्या कुलपाची किल्ली बनवायलाच देव विसरला." हे काकांच्या कानावर गेलं तेव्हा खरं तर त्यांना राग यायला हवा होता, पण ते दिवसभर खुशीत होते. आपल्या कामाची अशी पावती त्यांना आधी कोणी दिली नव्हती.

काम तसं साधंच. दवाखाना फक्त तपासून घरी जाणाऱ्यांचा. खाटा नाहीत, सकाळी उघडायचा, संध्याकाळी बंद व्हायचा. नोंदणीच्या खिडकीमागे एक लांबट खोली होती, तिच्यात छताला टेकलेले लोखंडी रॅक, आणि रॅकांत लोकांची दुखणी नंबरवार लावून ठेवलेली. आलेल्या माणसाचा नंबर खिडकीवाल्या बाई चिठ्ठीवर लिहून आत सरकवायच्या. काका फाइल काढत, तिच्या जागी पिवळा पुठ्ठा उभा करत, वहीत नंबर, वेळ आणि खोली लिहून सही करत, आणि दहाबारा फायली जमल्या की गठ्ठा डॉक्टरांकडे नेऊन ठेवत. फाइलच्या पाठीवर नंबर असे, वरच्या पुठ्ठ्यावर नाव आणि वय. एकाची फाइल दुसऱ्याला गेली तर घात व्हायचा, म्हणून नाव ताडून पाहावं लागे. तेवढं पाहिलं की काका फाइल पालथी करत. हातातला गठ्ठा पालथा, आणि टेबलावर ठेवायचा तोही पालथा. नवे डॉक्टर कुरकुरत, की दरवेळी उलटून घ्यावी लागते. काका म्हणत, "घ्या की उलटून. हात झिजत नाहीत."

हे खूळ त्यांच्या डोक्यात आपोआप शिरलेलं नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी एक फाइल उघडून पाहिली होती. जवळच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची होती. कोणाला सांगितलं मात्र काही नाही, अगदी बायकोलाही नाही. सगळं पोटात ठेवलं. आठवड्याने त्या बाई भाजीच्या दुकानात भेटल्या. टोपलीतल्या एकाच लिंबाकडे दोघांचा हात गेला, आणि काकांनी आपला हात मागे घेतला. इंचभरच घेतला असेल. बाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि पिशवी तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. त्यानंतर त्यांची फाइल रॅकमधून कधीच निघाली नाही. काकांनी दोन वर्षं वाट पाहिली. त्यातून त्यांना कळलं ते एवढंच, की तोंडाला कुलूप लावता येतं, डोळ्यांना आणि हातांना लावता येत नाही. मग राहता राहिला एकच मार्ग: आपल्याला कळूच द्यायचं नाही.

तेव्हापासून काका ताकास तूर लागू देत नसत, कारण त्यांच्याकडे ना ताक होतं ना तूर. राहत्या इमारतीतल्या बायका आडून विचारून थकल्या. खुद्द मेहुण्याने एकदा होणाऱ्या सुनेच्या तब्येतीची चौकशी केली, तर काका म्हणाले, "मुलगी पाहायची तर तिच्या घरी जा, रॅकमध्ये काय पाहता?" मेहुणा दोन वर्षं बोलला नाही. त्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "माझ्या भावाला तोंडावर असं बोललात!" आणि भांडी घासता घासता थोड्या वेळाने, "पण चुकीचं नाही बोललात." काकांच्या संसारात कौतुक एवढ्याच मापात मिळायचं, आणि ते त्यांना पुरायचं.

आणखी एक नियम होता. दवाखान्याच्या आवारात ओळखीचं कोणी दिसलं, तरी त्याने आधी ओळख दाखवल्याशिवाय काका दाखवत नसत. बाकावर बसलेल्या माणसाला वाटायला हवं, की आपल्याला इथे कोणी पाहिलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी गठ्ठ्यातली चौथी फाइल नवी कोरी होती. नाव ताडायला काकांनी पाहिलं, तर नाव काकूंचं होतं. मध्ये त्यांचं स्वतःचं. वय चौपन्न. काका किती वेळ तसेच उभे राहिले ते त्यांना नंतर आठवेना. खिडकीवाल्या बाई बाहेरून ओरडल्या, "काका, गठ्ठा!" तेव्हा त्यांनी फाइल पालथी केली आणि निघाले. तिसऱ्या बाकावर काकू बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि ते पुढे गेले.

संध्याकाळी काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला.

"आज गर्दी होती दवाखान्यात," त्या म्हणाल्या.

"असते," काका म्हणाले.

काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल, असं काकांनी ठरवलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना थोडा अभिमानच वाटला. सख्ख्या बायकोची फाइल हातात येऊनही न उघडणारा माणूस साऱ्या गावात शोधून सापडला नसता.

पुढच्या आठवड्यात फळीवर गोळ्यांची डबी आली. "वेळेवर घेतेस ना?" काकांनी विचारलं. "घेते," काकू म्हणाल्या. बीपीच्या असतील, असं काका धरून चालले. या वयात निम्मी इमारत त्या गोळ्या खात होती. त्याच सुमारास बादलीची कडी तुटली. पाणी खालच्या नळावरून दुसऱ्या मजल्यावर आणावं लागे, आणि ते काम इतकी वर्षं काकूंचं होतं. काकांनी कडीच्या जागी तार बांधली, पण तार तळहाताला कापायची. "राहू दे, मी आणतो नवी बादली मिळेपर्यंत," ते म्हणाले. नवी बादली आणायची राहून गेली. दोन वर्षं पाणी काकांनीच भरलं.

त्या दोन वर्षांत काकूंची फाइल अकरा वेळा निघाली आणि अकरा वेळा परत जागेवर गेली. वहीत अकरा सह्या काकांच्याच आहेत. प्रत्येक वेळी काकू तिसऱ्या बाकाच्या आसपास बसलेल्या असत, आणि प्रत्येक वेळी काका गठ्ठ्याकडे पाहत पुढे जात. घरी गेल्यावर दोघांपैकी कोणीच विषय काढत नसे.

काकू गेल्या त्या दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शेजारणीचा फोन खिडकीवर आला आणि बाईंनी तो खोलीत येऊन सांगितला. काकांच्या हातात तेव्हा नऊ फायलींचा गठ्ठा होता. त्यांनी तो डॉक्टरांच्या टेबलावर पालथा ठेवला, वहीत वेळ लिहिली, सही केली, आणि मग घरी गेले. नंतर ती सही पाहिली तर एक अक्षरही हललेलं नव्हतं.

काका रडले नाहीत. भेटायला आलेले लोक म्हणाले, खंबीर आहेत. खंबीर कसले! दात काढायला सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं त्यांना सगळं अंगच आपलं वाटत नव्हतं. कोणी हात धरला की त्यांना तो हात दिसायचा; धरलेला कळायचा नाही. डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यावर 'हृदयाची झडप अरुंद, दोन वर्षांपासून' असं लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं, कागदाची घडी केली, आणि तो डब्यात ठेवला.

नवव्या दिवशी ते कामावर गेले. गेलेल्या माणसाच्या फाइलच्या कोपऱ्यावर लाल रेघ मारायची आणि ती खालच्या रॅकमध्ये ठेवायची, असा नियम होता. काकूंच्या फाइलवर त्यांनी पट्टी धरून रेघ मारली. रेघ सरळ आली. फाइल तेव्हाही त्यांनी उघडली नाही.

त्यांची एकुलती एक लेक परगावाहून आली होती. ती महिनाभर राहिली. तिने आईचे कपडे वाटले, डबे घासले, फळीवरच्या गोळ्या फेकून दिल्या. बापलेकीत बोलणं होत असे ते गॅस, वीज आणि दुधाबद्दल. तिच्या परतीच्या दिवशी, दुपारच्या दोनच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये ठेवता ठेवता, सकाळच्या चहाला ती म्हणाली,

"बाबा, एक विचारू? दाखल्यावर लिहिलंय दोन वर्षांपासून. मला आई फोनवर एवढंच म्हणायची, की बारीकसारीक आहे, तू काळजी करू नकोस, तुझ्या बाबांना सगळं माहीत आहे." तिने कप खाली ठेवला. "माहीत होतं ना तुम्हाला?"

सगळं माहीत आहे! ते शब्द काकांना ऐकू आले, पण त्यांचं काय करायचं ते कळेना. नाही म्हणावं तर काकू खोटं बोलत होत्या असं व्हायचं, आणि काकू खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या.

"जाताना दवाखान्यावरून जा," ते म्हणाले. "सांगतो."

"हे घरात सांगता येत नाही?"

काका तोवर चपला घालत होते.

नातेवाइकाला नोंदी पाहायच्या असतील तर एक छापील अर्ज असे. काकांनी स्वतः हजारो लोकांकडून तो भरून घेतला होता, हुज्जत घालणाऱ्यांकडून तर दोनदा. त्या दिवशी त्यांनी एक अर्ज काढला, कपाटावर ठेवून भरला. रुग्णाचे नाव. अर्जदाराचे नाव. नाते: पती. कारण या रकान्यापाशी पेन अडलं. लोक तिथे काहीबाही लिहीत: विमा, कोर्ट, दुसऱ्या डॉक्टरांचं मत. काकांनी लिहिलं, 'माहितीसाठी'. अर्ज घेणारा आणि देणारा एकच चालत नाही, म्हणून ते खोलीतून बाहेर आले, फिरून खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहिले, आणि नंबर आला तसा अर्ज आत सरकवला.

खिडकीवाल्या बाई चांगल्या स्वभावाच्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी खिडकीवर बोललेलं दुपारच्या आत फाटकापर्यंत पोचायचं. काकांबद्दल मात्र त्या नव्या माणसाला शपथेवर सांगत, "माझी स्वतःची फाइल आहे त्या खोलीत. काका आहेत म्हणून मी इथेच दाखवते, नाहीतर दुसऱ्या दवाखान्यात गेले असते."

"काका, हे काय?" त्या अर्ज पाहून म्हणाल्या. "तुम्हाला कशाला अर्ज? फाइल तर तुमच्याच हाताखाली."

"नियम आहे. सही करा."

बाईंनी सही केली. काकांनी आत जाऊन फाइल आणली, वहीत नोंद केली आणि खिडकीलगतच्या, नातेवाइकांनी बसून वाचायच्या खुर्चीवर ते बसले. नियमाप्रमाणे बाई समोर होत्या. एकतीस वर्षांत काका त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होते. खुर्चीचा एक पाय आखूड होता, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी फाइल सुलटी केली आणि उघडली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'जिना चढताना धाप. झडप अरुंद. शस्त्रक्रियेचा सल्ला. नातेवाइकांना घेऊन येण्यास सांगितले. रुग्ण म्हणाली, पती येथेच नोंदी सांभाळतात; फाइल त्यांच्याच हातून जाते, वाचतील.'

दुसऱ्या भेटीची नोंद: 'पतीशी बोलणे झाले का, असे विचारले. रुग्ण: बोलणे नाही, पण त्यांना कळले आहे. गोळ्यांची चौकशी करतात. जड वजन उचलू नये असे सांगितले. रुग्ण: पाणी आता तेच भरतात.'

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. कडी तुटली होती. तार कापत होती. एवढंच होतं.

चौथ्या भेटीला डॉक्टरांनी बरंच लिहिलं होतं. 'शस्त्रक्रियेबद्दल पुन्हा समजावले. आपण पतीशी बोलू का, असे विचारले. रुग्ण: नको. ते सगळे वाचतात आणि काही म्हणत नाहीत, म्हणजे त्यांनाही ती नकोच असेल. रुग्णाच्या इच्छेनुसार पतीशी चर्चा केली नाही.'

पुढची पानं त्यांनी सावकाश उलटली. धाप वाढली. गोळी बदलली. पतीला कल्पना आहे. पायांवर सूज. पतीला कल्पना आहे. अकराव्या भेटीला, काकू जाण्याच्या तीन आठवडे आधी: 'अशक्तपणा. मनाने शांत. घरी सांभाळून घेतात, असे म्हणाली.'

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दोन वर्षं एक बाई रोज संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवत होती, की याला माहीत आहे. आणि नवरा तोंडावर काही दिसू नये म्हणून उभा जन्म झटला होता. काकांना रडू यायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली, आलं नाही. फक्त तळहातावर जिथे तार रुतायची, तिथे दुखल्यासारखं वाटलं.

"बाबा."

लेक समोर उभी होती, खांद्यावर बॅग. काकांनी फाइल मिटली, पालथी केली आणि तिच्यावर हात ठेवला.

"आईची आहे?" तिने विचारलं. "काय लिहिलंय?"

"तुझ्या आईचं आहे ते," काका म्हणाले.

लेकीने फाइलकडे हात नेला नाही. त्यांचीच मुलगी होती ती. "मला नाही वाचायचं," ती म्हणाली. "मला एवढंच कळू दे. मी तिकडे लांब होते, फोनवर पाच मिनिटं बोलून ठेवून द्यायचे. आई एकटीच सगळं घेऊन बसली होती, असं मला रात्रंदिवस वाटतंय. तुम्हाला माहीत होतं की नाही?"

खिडकीतल्या बाईंचं लिहिणं थांबलं होतं. रांगेतला पुढचा माणूस घसा खाकरत होता.

एकतीस वर्षं काकांनी एकच गोष्ट कमावली होती, आणि ती सिद्ध करायला आता त्यांना एक 'नाही' पुरला असता. मी उघडलीच नाही. माझ्या बायकोचीसुद्धा नाही. हे खरं होतं, आणि या दवाखान्यातल्या कोणीही त्याची साक्ष दिली असती. मग काकू काय होत्या? दोन वर्षं चुकलेली, एकटी बाई.

"होतं," काका म्हणाले. "पहिल्याच दिवशी वाचलं होतं. नंतरही, दर वेळी वाचत होतो."

लेकीचा चेहरा आधी सैल झाला, आणि मग त्यावर राग आला. "मग बोलला का नाहीत तिच्याशी? एक शब्द?"



"पाणी भरत होतो," ते म्हणाले.

लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला ती बादली ठाऊक होती. महिनाभर तीही तारेला फडकं गुंडाळून पाणी आणायचा हट्ट धरत होती आणि काका तिच्या हातून बादली काढून घेत होते. तिने तोंडावर हात ठेवला आणि ती तिथेच, रांगेसमोर रडायला लागली. काकांनी तिच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्यावर घेतली. हे त्यांना जमलं.

ती तोंड धुवायला नळाकडे गेली तेव्हा खिडकीतून हलका आवाज आला.

"काका."

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझी पण?"

नळ चार पावलांवर होता. लेक तोंडावर पाणी मारत होती. काकांनी बाईंकडे पाहिलं, आणि मग हातातल्या फाइलकडे. ते काही बोलले नाहीत. लेक गेल्यावर सांगता आलं असतं. पण बाईंना सांगितलेलं दुपारच्या आत फाटकाबाहेर जातं, आणि तिथून परगावी जायला फार वेळ लागत नाही. त्यांनी वही पुढे सरकवली. बाईंनी परत मिळाल्याची सही केली, त्यांच्याकडे न पाहता.

दोनची गाडी वेळेवर सुटली. लेक खिडकीतून म्हणाली, "बाबा, नवी बादली घ्या आता." काका हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात त्यांना कोणी कुलूपकाका म्हटलं नाही. नुसतंच काका म्हणत, आणि तेही कामापुरतं. कंपाउंडर जिन्यावर बोलत असले तर काका आले की थांबत. शनिवारी गठ्ठ्यात खिडकीवाल्या बाईंची फाइल आली. तिच्या तिन्ही उघड्या कडांवर डिंकाने कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि पट्ट्यांवर आडव्या सह्या होत्या. काकांनी नाव ताडलं, नंबर ताडला, फाइल पालथी केली आणि वहीत वेळ लिहिली.

संध्याकाळी घरी आल्यावर ते बादली घेऊन खाली गेले. पहिली खेप वर नेऊन पिंपात ओतली, आणि सवयीने दुसऱ्या खेपेला गेले. परत आले तेव्हा लक्षात आलं, पिंपात अर्ध्यापर्यंत तर कालचंच पाणी होतं. एका माणसाला एवढं पाणी लागत नाही. दुसरी बादली हातात घेऊन काका थोडा वेळ पिंपाशी उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि तारेचा वळ उठलेला तळहात उघडून पाहिला.